वास नसलेला पुदिना: हवाईच्या फायलोस्टेजिया काआलाएन्सिसविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवाईमधलं ओआहू बेट आपल्याला ठाऊक असतं ते पर्ल हार्बरमुळे, नाहीतर होनोलुलूच्या किनाऱ्यामुळे. त्याच बेटाच्या पश्चिम अंगाला वाइआनाए नावाची जुनी डोंगररांग आहे. तिच्या घळींमध्ये पुदिन्याच्या कुळातली एक वनस्पती राहायची, जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारी. जंगलातून ती संपली, रोपवाटिकेत तगली, आणि परत जंगलात न्यायची वेळ आली तेव्हा अडली ती आपल्याकडच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला तोंडपाठ असलेल्या रोगापाशी. भुरीपाशी. ही गोष्ट मी कुणाला सांगायला बसले की साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय.

हे नाव उच्चारायचं कसं? आणि अर्थ काय?

फायलोस्टेजिया काआलाएन्सिस. पहिला शब्द ग्रीकवरून आलाय: पान आणि छप्पर, असे दोन तुकडे त्यात आहेत. ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, जॉर्ज बेंथम या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३० साली मांडली. दुसरा शब्द काआला डोंगरावरून. त्यात 'आ' दोनदा येतो, कारण हवाई भाषेत तिथे दोन स्वरांच्या मध्ये घसा क्षणभर अडवतात. त्या आवाजाला देवनागरीत अक्षर नाही. काआला हा ओआहूवरचा सगळ्यात उंच डोंगर, सुमारे १,२२० मीटर, म्हणजे कास पठाराच्या आसपास. आपली कळसूबाई त्याच्याहून चारेकशे मीटरने उंच. वनस्पती मात्र माथ्यावरची नव्हे. तिची जागा खालच्या घळींत, घळींच्या उतारांवर आणि जवळजवळ उभ्या कातळांवर.

खाली मी तिला 'काआलाचा पुदिना' म्हणतेय. हे माझं सोयीचं नाव आहे, पुस्तकात शोधायला जाऊ नका.

पुदिना म्हणताय, तर चटणी होते का?

नाही. पान चुरडून हुंगलं तर पुदिन्याचा वासच येत नाही. हवाईतल्या या सगळ्या गोतावळ्यालाच गमतीने 'बिनपुदिन्याचे पुदिने' म्हणतात.

कारण सांगितलं जातं ते असं: पुदिना, तुळस, ओवा यांच्या पानातली तेलं आपल्या चटणीसाठी नसून खाणाऱ्याला परतवण्यासाठी असतात. हवाई बेटांवर माणूस येण्याआधी चरणारं एकही जनावर नव्हतं. मूळचे सस्तन प्राणी म्हणावेत तर दोनच, एक वटवाघूळ आणि एक सील. मग तेल तयार करण्याचा खर्च कुणासाठी करायचा? तिथल्या इतर झाडांचीही हीच तऱ्हा. अंगाला लागताच आग करणाऱ्या झाडांच्या कुळातलं मामाकी तिथे मुळीच आग करत नाही, लोक त्याच्या पानांचा चहा पितात. तिथल्या रानटी रास्पबेरीचे काटे नावापुरते उरलेत. स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. तरी उत्क्रांतीतलं 'का' बहुधा मागाहून जुळवलेलं असतं, तेव्हा मी त्यावर शपथ घेणार नाही.

वास नाही, मग ही पुदिन्याच्या कुळातली हे कशावरून ठरवलं?

दारातल्या तुळशीची एक काडी दोन बोटांत धरून फिरवा. गोल फिरत नाही, कडा लागतात. चौकोनी खोड ही या कुळाची पहिली खूण. पानं समोरासमोर जोडीने, आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात. फुलाला वरचा आणि खालचा असे दोन ओठ. फूल गळलं की तळाशी चार दाणे. मंजिरी हातावर चोळून बघितलीत तर हे चार दाणे तुळशीतही सापडतील, आणि काआलाच्या पुदिन्याचा हिशेबही चारचाच.

मराठी वनस्पतिशास्त्राची पुस्तकं याला तुलसी कुल म्हणतात. जगभरात सात हजारांहून जास्त जाती. सब्जा, पुदिना, दीपमाळ, निर्गुडी आणि सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं असा सागसुद्धा. सागाची कोवळी फांदी धरून बघा, तीही चौकोनीच लागते. पूर्वी सागाला वेगळ्या कुळात टाकत, आता इकडे आणलंय. कासच्या पठारावर पाण्याच्या डबक्यांभोवती जांभळा गालिचा अंथरणारी जांभळी मंजिरी याच घरातली.

समुद्राच्या मधोमध ती पोचली कशी?

कॅलिफोर्नियाचा किनारा तिथून साधारण ३,८०० किलोमीटर दूर आहे. मधे पाणीच पाणी. हवाईची बेटं कुठल्याही खंडापासून तुटलेली नाहीत, ती समुद्राच्या तळातून ज्वालामुखीने वर आणलेली आहेत, त्यामुळे तिथलं प्रत्येक मूळचं झाड हे कधीतरी वाऱ्याने, लाटेने किंवा पाखराने आणलेलं. या पुदिन्यांच्या बाबतीत पाखरावरच संशय आहे.

जनुकांवरून दिसतं ते असं: पूर्वज उत्तर अमेरिकेतल्या स्टॅकिस या प्रजातीतला होता आणि तो स्वतःच दोन वेगळ्या वंशांच्या संकरातून आलेला, गुणसूत्रांची रास दुप्पट झालेला होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासानेही हेच दाखवलं. म्हणजे आला तो एक पाहुणा, पण दोन घरांचं सामान घेऊन. त्याच्यापासून फायलोस्टेजिया, स्टेनोगायनी आणि हॅप्लोस्टॅकिस या तीन प्रजाती आणि मिळून साठच्या आसपास जाती झाल्या. फायलोस्टेजियातली एक जाती तर पुढे ताहितीपर्यंत गेली. खंडावरच्या भाऊबंदांचे दाणे कोरडे, तर फायलोस्टेजिया आणि स्टेनोगायनीचे दाणे मांसल, पाखरांना खावेसे वाटतील असे. एका घळीतून दुसऱ्या घळीत जायला ही युक्ती चांगलीच उपयोगी पडली असणार.

दिसते कशी?

फार अपेक्षा ठेवू नका. हिरवं, मऊ खोडाचं झुडूप, अंड्याच्या आकाराची दातेरी कडांची पानं, दांड्यावर टप्प्याटप्प्याने लागणारी पांढरी फुलं. वाटेत दिसली तर ओलांडून पुढे जाल.

मग ती नाहीशी कशामुळे झाली?

एका कारणाने नाही. आणि यातली काही कारणं आपल्या ओळखीची आहेत.

सगळ्यात मोठं कारण डुकरं आणि बकऱ्या. पॉलिनेशियन लोकांनी छोटी डुकरं आणली, युरोपीय जहाजांनी मोठी. ती रानात सुटली आणि जमीन उकरत सुटली. ज्या झाडांनी कधी दातच पाहिला नाही, ती काय टिकणार? जहाजांतून उंदीर आले, ते फळं आणि बिया खातात. बिनशंखाच्या गोगलगायी आल्या, त्या रात्रीतून कोवळं रोप साफ करतात. सकाळी खाली फक्त चकाकणारी रेघ. उरलेल्या जागेत परकं रान माजलं: स्ट्रॉबेरी पेरू, ख्रिसमस बेरी, आणि वनखात्याने लाकडासाठी लावलेलं तून. हे तून आपल्या सह्याद्रीतही वाढतं, पण तिथे ते घुसखोर.

आता एका माणसाची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. विल्यम हिलेब्रँड हा जर्मन डॉक्टर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तो हवाईत आला आणि वीस वर्षं राहिला. झाडांचं वेड इतकं की होनोलुलूतल्या त्याच्या स्वतःच्या बागेचीच पुढे सार्वजनिक वनस्पती उद्यान म्हणून ख्याती झाली. त्याने हवाईच्या वनस्पतींवर लिहिलेला मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८८८ मध्ये छापला गेला, आणि हॅप्लोस्टॅकिस ही पुदिन्यांची प्रजाती त्यातच मांडलेली आहे. या झाडांवर त्याच्याइतका जीव त्या काळात फार थोड्यांनी लावला असेल.

याच माणसाने १८५८ साली बागेची शोभा म्हणून घाणेरी आणली. आणि १८६५ साली पिकावरच्या अळ्या खायला म्हणून भारतातून साळुंक्या आणल्या. साळुंकीला घाणेरीची फळं भारी आवडतात. तिने ती खाल्ली आणि बी डोंगरभर टाकलं. शेवटी १९०२ मध्ये घाणेरी आवरायला मेक्सिकोतून किडे आणावे लागले. ज्याने झाडांची नोंद केली त्यानेच त्यांच्या घरात घुसखोर सोडले, आणि दोन्ही चांगल्या मनाने. माझ्या आजीची एक म्हण होती, 'करायला गेले गणपती आणि झाला मारुती', ती इथे चपखल बसते.

मुंगसाचीही कथा तशीच. १८७२ मध्ये कोलकात्याहून जमैकाला, तिथून १८८३ मध्ये हवाईला, उसातले उंदीर मारायला. मुंगूस दिवसा हिंडतो, उंदीर रात्री. त्याने खाल्ली ती जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांची अंडी.

अमेरिकेच्या कायद्याने काआलाच्या पुदिन्याला १९९६ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीत घातलं. तोवर मोजकी झाडं उरली होती, आणि पुढे तीही गेली.

यात अमेरिकन लष्कराचं नाव सारखं का येतं?

कारण वाइआनाए रांगेचा मोठा भाग लष्कराच्या सरावाच्या ताब्यात आहे: स्कोफील्ड बॅरक्स आणि माकुआ खोरं. तोफगोळ्यांच्या सरावाने वणवे लागतात. २००३ मध्ये माकुआत गवत कमी करायला मुद्दाम लावलेली आगच हाताबाहेर गेली आणि दोन हजारांहून जास्त एकर जळून गेले. २००४ पासून तिथला खऱ्या दारूगोळ्याचा सराव बंद आहे.

संकटग्रस्त जातींच्या कायद्यानुसार सरकारी खात्यालाही आपल्या कामामुळे धोक्यात येणाऱ्या जातींची जबाबदारी घ्यावी लागते. त्यामुळे ओआहूवर लष्कराचा स्वतःचा निसर्गसंवर्धन विभाग आहे. त्यात वनस्पतितज्ज्ञ आहेत, ते डोंगरात मैलोन् मैल कुंपणं घालतात, उंदरांचे सापळे लावतात, बी गोळा करतात, रोपवाटिका चालवतात. विचित्र वाटतं, पण काआलाचा पुदिना जिवंत राहिला त्यात या विभागाचा वाटा मोठा आहे. त्याच्या जोडीला मानोआ खोऱ्यातलं हवाई विद्यापीठाचं लायन आर्बोरिटम, जिथे टिश्यू कल्चरच्या नळ्यांमध्ये बेटांवरच्या दुर्मीळ झाडांचे अंकुर जपले जातात. आपल्याकडे जळगावच्या केळीची रोपं ज्या पद्धतीने तयार होतात, तीच ही पद्धत.

रोपं तयार होती ना? मग जंगलात लावली की झालं. अडलं कुठे?

इथेच खरी गंमत आहे.

रोपवाटिकेत रोपं हिरवीगार दिसायची. त्यांना ठरावीक दिवसांनी बुरशीनाशकाचा फवारा मिळत होता. डोंगरात नेऊन लावली की पानांवर पांढरी पावडर धरायची आणि रोप मरायचं. ही भुरी. हिला आणणाऱ्या बुरशीचं नाव नियोएरिसिफी गॅलिऑप्सिडिस. आपल्या द्राक्षावर येणारी भुरी वेगळ्या बुरशीची असते, पण रीत तीच.

माझ्या मामाची निफाडकडे द्राक्षबाग होती. लहानपणी मी त्याला पान उलटंपालटं करून उन्हात तिरपं धरताना पाहिलंय. सरळ पाहिलं तर काही दिसत नाही. तिरप्या उजेडात राखेचा हात फिरवल्यासारखा एक पट्टा दिसतो. 'आली बघ,' एवढंच तो म्हणायचा, आणि संध्याकाळी गंधकाची पिशवी बाहेर निघायची. भुरीची गोम अशी की तिला पानावर पाणी साचायची गरज नसते. हवेत दमटपणा असला की पुरे. बुरशीचा कण पानावर पडतो, रुजतो, पानाच्या वरच्या पेशीत एक सूक्ष्म खुंटी ठोकतो आणि तिथून रस ओढतो. पान जिवंत राहणं तिच्याच फायद्याचं, म्हणून झाड लगेच मरत नाही. झिजत जातं.

बागेत माणूस रोज असतो, फवारा मारता येतो. वाइआनाएच्या उभ्या घळीत, जिथे जायलाच अर्धा दिवस जातो, तिथे दर आठवड्याला पंप घेऊन कोण जाणार?

त्यात आणखी एक भानगड. बुरशीनाशक हे चांगली बुरशी आणि वाईट बुरशी असा भेद करत नाही. जंगलातल्या कुठल्याही पानाच्या आत आणि वर डझनावारी सूक्ष्म बुरश्या राहतात. त्यांतल्या बऱ्याच निरुपद्रवी, काही झाडाच्या कामाच्या. झाडाला त्या हवेतून, पावसाच्या थेंबातून, शेजारच्या पाल्यातून मिळतात. नळीत जन्मलेल्या आणि फवाऱ्याखाली वाढलेल्या रोपाला हा शेजार मिळालेलाच नव्हता. पानं स्वच्छ होती, आणि त्या स्वच्छतेनेच घात केला.

मग उपाय काय केला?

हवाई विद्यापीठातले जेफ्री झान आणि अँथनी अमेंड या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. विचार साधा होता: रोपाला शेजार मिळाला नाही, तर तो आपण आणून देऊ.

शेजार कुणाचा? काआलाच्या पुदिन्याची जंगली झाडं उरलीच नव्हती. म्हणून त्याच डोंगरांतली त्याची सख्खी बहीण शोधली, फायलोस्टेजिया हिर्सुटा. तीही संकटग्रस्त, पण जंगलात अजून उभी आणि निरोगी.

दोन वाटा करून पाहिल्या. पहिली प्रयोगशाळेची रीतसर वाट: जंगली पानांतून बुरश्या वेगळ्या काढायच्या, बशीत वाढवायच्या आणि निवडक बुरश्यांचं मिश्रण रोपांवर मारायचं. दुसरी वाट आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी: जंगली पानं वाटून पाण्यात कालवायची आणि तो पातळ रस रोपांवर फवारायचा. त्यात काय काय आहे हे न मोजता, न निवडता, सगळं आलं तसं.

नंतर दोन्ही गटांना भुरी लागू दिली.

निवडक बुरश्या मारलेल्या रोपांना काही फरक पडला नाही. वाटलेल्या पाल्याचा रस मारलेल्या रोपांवर भुरी लक्षणीय कमी आली. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून केला, दुसऱ्यांदाही तेच झालं.

मला हे वाचताना विरजण आठवलं. दही लावताना आपण त्यातला कुठला जिवाणू कामाचा हे विचारत नाही, कालच्या दह्याचा चमचा घालतो. बशीत सगळ्याच बुरश्या वाढत नाहीत. ज्या वाढतात त्या कामाच्याच असतील असंही नाही. पाल्याच्या रसात सगळं कुटुंब आलं, न ओळखलेलं धरून.

पुढे पानांवरच्या बुरश्यांचे डीएनए तपासले तेव्हा एक नाव वर आलं: स्यूडोझायमा ॲफिडिस. ही यीस्टसारखी बुरशी दुसऱ्या बुरश्यांवर जगते, आणि भुरी हे तिचं आवडतं खाद्य. रस मारलेल्या रोपांवर ती वाढलेली दिसली. श्रेय पूर्णपणे तिचंच असं संशोधक म्हणाले नाहीत, 'काही अंशी' म्हणाले. एवढं सांभाळून बोलणं मला आवडलं.

ती रोपं मग डोंगरात नेऊन लावली. अभ्यास छापून आला तोवर, फवाऱ्याशिवाय, त्यांच्यावर भुरी आलेली नव्हती.

म्हणजे प्रश्न सुटला?

नाही, आणि ज्यांनी 'वैज्ञानिकांनी मृत वनस्पती जिवंत केली' असे मथळे दिले त्यांनी घाई केली. लावलेली रोपं मूठभर होती. रोपं जगणं वेगळं, आणि त्यांना फुलं येऊन, बी पडून, त्या बीची रोपं डुकरांच्या आणि गोगलगायींच्या तावडीतून सुटून मोठी होणं वेगळं. कुंपण आणि उंदरांचे सापळे सुटत नाहीत.

शिवाय हाच रस जवळच्याच दुसऱ्या एका वनस्पतीवर मारून पाहिला, तिथे तो चालला नाही. हे त्याच अभ्यासात स्पष्ट लिहिलंय, पण मथळ्यांत कुठे आलं नाही. प्रत्येक झाडाला कुठलं विरजण लागतं हे प्रत्येक वेळी नव्याने शोधावं लागणार.

माझ्या द्राक्षबागेवर, किंवा दारातल्या तुळशीवर, असाच पाल्याचा रस मारू का?

द्राक्षावर नको. निरोगी पानाच्या रसात चांगल्या बुरश्यांबरोबर करप्याची बुरशीही येऊ शकते, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने ती बागभर पसरवाल. डोळ्यांना निरोगी दिसणारं पान निरोगी असेलच असं नाही. ओआहूच्या लोकांना गमावण्यासारखं फारसं काही उरलेलं नव्हतं, तुमच्यापुढे हंगाम उभा आहे.

बुरशीने बुरशी मारण्याची कल्पना मात्र आपल्याकडे नवी नाही. अँपेलोमायसिस क्विसक्वॅलिस ही भुरीवरच जगणारी बुरशी द्राक्षवाल्यांना नावाने माहीत असते आणि बाटलीत तयार मिळते. ती वापरायची असेल तर एवढं बघा की आदल्या-मागच्या दिवसांत तीव्र बुरशीनाशक किंवा गंधक मारलेलं नाही. नाहीतर पैसे देऊन आणलेली कामाची बुरशीच आधी मरते. काआलाच्या रोपवाटिकेत झालं ते हेच.

तुळशीवर भुरी आली तर आधी कुंडी हलवा. गच्चीच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या मध्ये, वारं न लागणाऱ्या जागी ठेवलेल्या तुळशीलाच ती धरते. खालची दाट पानं खुडा, ऊन-वारा लागू द्या. माझी तर निम्म्याहून जास्त वेळा एवढ्यानेच सुधारली.

हवाईतल्या बाकीच्या पुदिन्यांचं काय?

एक-दोनच सांगते. स्टेनोगायनी ही बहुतेक वेलीसारखी पसरते. तिच्यातल्या काहींची फुलं लांब, नळीसारखी, किंचित वाकडी. हवाईच्या मधुपायी पाखरांच्या चोचीच्या मापाने घडवल्यासारखी. ती पाखरं डासांनी पसरवलेल्या मलेरियाने संपत चालली आहेत, तेव्हा या फुलांचंही अवघडच.

हॅप्लोस्टॅकिसच्या पाच जाती होत्या. चार गेल्या. उरलेली एक हवाई याच नावाच्या बेटावर, माउना केआ आणि माउना लोआ या दोन महाकाय ज्वालामुखींच्या मधल्या कोरड्या माळावर वाढते. तीही लष्कराच्याच सरावक्षेत्रात! तिला १९७९ मध्येच यादीत घेतलं होतं. फुलं पांढरी आणि सुवासिक. पानाने वास सोडला, फुलाने धरून ठेवला.

बी मागवून कुंडीत लावता येईल का?

नाही. तिकडून संकटग्रस्त जातीचं बी परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही, इकडे आणायला २००३ च्या वनस्पती विलग्नवास आदेशानुसार आयात परवाना लागतो. इंटरनेटवर कुणी 'दुर्मीळ हवाई पुदिना' विकत असेल तर तो दुसराच काहीतरी असणार. आणि वर हिलेब्रँडची गोष्ट वाचून हा प्रश्न पडू नये, असं मला वाटतं.

एका बिनवासाच्या झुडपासाठी एवढा खटाटोप कशाला?

हा प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा जेवणाच्या टेबलावर. औषध वगैरे सापडेल असं खोटं आश्वासन मी देत नाही. अमेरिकेच्या एक टक्क्याहून कमी जमीन हवाईकडे आहे, पण त्या देशाच्या संकटग्रस्त यादीतल्या वनस्पतींपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त तिथल्या आहेत. तिथे काम करणाऱ्यांना रोज निवड करावी लागते, कुणासाठी कुंपण घालायचं आणि कुणाला सोडायचं. या झुडपाच्या निमित्ताने पाल्याच्या रसाची युक्ती हाती आली, ती पुढच्या झाडावर लागू पडेल किंवा पडणार नाही. मला स्वतःला तिच्यात रस वाटतो तो भुरीमुळे, मामामुळे. प्रत्येकाचं कारण वेगळं असायला हरकत नाही.

होनोलुलूला जाणं झालं तर बघायला मिळेल?

जंगलातली नाही. लावलेल्या जागा कुंपणात आहेत, तिथे जायची परवानगी मिळत नाही, आणि ते बरंच आहे. लायन आर्बोरिटम मात्र लोकांना खुलं आहे. मानोआ खोऱ्यात पाऊस भरपूर, छत्री न्या. तिथे हवाईच्या मूळच्या झाडांचा भाग आहे, मामाकीसारखी मंडळी जवळून पाहता येतील.

डोंगरातल्या कुठल्याही पायवाटेवर जाणार असाल तर बऱ्याच ठिकाणी सुरुवातीलाच जमिनीजवळ एक खरखरीत ब्रश ठोकलेला दिसेल. बूट त्यावर घासायचे, तळव्यातल्या खाचांतली माती काढायची, मगच आत जायचं. येतानाही घासा. त्या खाचांत घाणेरीचं बी किती सहज बसतं ते सह्याद्रीत फिरणाऱ्याला सांगायला नको.